मुक्त सॉफ्टवेअरचं राजकारण: डावं, उजवं की तिसरंच काही?

कळफलक

परवा 'लॅपटॉप कोणता घ्यावा'च्या धाग्यावर कुणीतरी लिनक्स (विंडोजच्या जागी चालणारी मुक्त प्रणाली) सुचवलं. लगेच खाली प्रतिसाद आला, "लिनक्सवाले सगळे कम्युनिस्ट, सगळं फुकट पाहिजे यांना." त्यावर दुसऱ्या सदस्याने लिहिलं की हे तर उलट बड्या कंपन्यांना आयतं पीठ दळून देणारं प्रकरण आहे. दोघांनाही भरपूर +१ पडले. तिथे अवांतर नको म्हणून हा वेगळा धागा.

मला दोन्ही म्हणणी अर्धीच वाटतात. भांडण खरं कुठे सुरू झालं ते पाहिलं की लक्षात येईल. फेब्रुवारी १९७६ मध्ये बिल गेट्सने संगणकाच्या हौशी मंडळींना एक जाहीर पत्र लिहिलं. तुमच्यातले बहुतेक जण सॉफ्टवेअर चोरता, असा त्याचा सूर. तोवर प्रोग्राम एकमेकांना देणं यात चोरी असते हेच अनेकांच्या गावी नव्हतं. एमआयटीच्या एआय लॅबमध्ये तर सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रामरने लिहिलेला मूळ मजकूर, सगळ्यांसाठी पडलेला असायचा, हवा त्याने उघडावा, सुधारावा. रिचर्ड स्टॉलमन त्या लॅबमधला. त्याला झेरॉक्सच्या प्रिंटरचा सोर्स हवा होता, कागद अडकला की सगळ्यांना निरोप जावा एवढी सोय करायला. ज्याच्याकडे सोर्स होता त्याने गुप्ततेच्या करारावर सही केलेली, म्हणून त्याने नकार दिला. किस्सा सगळ्यांना पाठ आहे, पुन्हा उगाळत नाही.

२७ सप्टेंबर १९८३ ला स्टॉलमनने ग्नू या मुक्त प्रणालीची घोषणा केली, मार्च १९८५ मध्ये तिचा जाहीरनामा छापून आला, ऑक्टोबरमध्ये फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन उभं राहिलं. चार स्वातंत्र्यं, तीही मोजायची शून्यापासून. शून्य: प्रोग्राम कुठल्याही कामासाठी चालवा. एक: आत काय आहे ते वाचा, बदला. दोन: प्रती वाटा. तीन: बदललेल्या प्रतीही वाटा. १९८९ च्या जीपीएल या परवान्याने यात मेख मारून ठेवली. तुम्ही बदल करून पुढे दिलंत, तर घेणाऱ्यालाही हीच चार स्वातंत्र्यं द्यावी लागतील. ही मेख मारायला वापरला कॉपीराइटचाच कायदा. सरकारकडे मागणी नाही, मोर्चा नाही, मालकी हक्काच्या कायद्यानेच मालकीला वेसण घातली. वकिली डोक्याचं मला यात फार कौतुक वाटतं.

आता गंमत. तो जाहीरनामा मुळातून वाचलेले फार कमी भेटतात. त्यात एक 'सॉफ्टवेअर कर' सुचवलाय. संगणक घेणाऱ्याने किमतीच्या काही टक्के कर भरावा आणि सरकारी संस्थेने त्यातून प्रोग्रामरांना पैसे द्यावेत. पुढे तर म्हातारा सुसाटच सुटलाय. (तेव्हा स्टॉलमन तिशीतला होता, पण आपण त्याला म्हाताराच म्हणतो.) टंचाई संपलेल्या जगात लोक आठवड्याला दहा तास आवश्यक कामं करतील, म्हणजे कायदे करणं, यंत्रमानव दुरुस्त करणं, लघुग्रहांवर खनिजं शोधणं, आणि उरलेला वेळ आवडीच्या प्रोग्रामिंगला. हे डावं नाही म्हणायची माझी छाती नाही.

पण त्याच चळवळीचा दुसरा पुढारी एरिक रेमंड पाहा. बंदूक बाळगण्याच्या हक्काचा कट्टर पुरस्कर्ता, सरकार जितकं कमी तितकं बरं म्हणणारा. एखादं प्रोजेक्ट कुणाच्या 'मालकीचं' कसं होतं हे त्याने चक्क जॉन लॉकच्या जमिनीच्या सिद्धान्तावरून समजावलंय. पडीक जमीन कसली की ती कसणाऱ्याची, तसं. एक जण कर लावा म्हणतो, दुसऱ्याला कर या शब्दाचाच राग. आणि दोघांचा कोड एकाच डिस्कवर सुखाने नांदतो!

फेब्रुवारी १९९८ मध्ये पालो आल्टोच्या बैठकीत क्रिस्टीन पीटरसनने 'ओपन सोर्स' हे नाव सुचवलं. नेटस्केपने जेमतेम दोन आठवडे आधी ब्राउझरचा सोर्स खुला करायची घोषणा केली होती आणि कंपन्यांना हे गळी उतरवायचं तर 'स्वातंत्र्य' वगैरे बोलून चालणार नव्हतं. राजकारण वगळून माल विकायचा हा निर्णय होता, आणि माल विकला गेला. २००१ मध्ये मायक्रोसॉफ्टचा तेव्हाचा प्रमुख स्टीव्ह बामर लिनक्सला कॅन्सर म्हणाला होता. त्याच्याच कंपनीने २०१८ मध्ये गिटहब हे खुल्या कोडचं कोठार साडेसात अब्ज डॉलरला घेतलं.

माझं मत: या चळवळीचं मूळ राजकारण संपत्तीच्या वाटपाचं नाही, सत्तेला मर्यादा घालण्याचं आहे. ज्याच्या हाती सोर्स तो पारधी. तुमचं यंत्र तुमचं ऐकणार की ते बनवणाऱ्याचं, एवढाच प्रश्न. म्हणून ते कारखान्यापेक्षा राज्यघटनेच्या जास्त जवळचं आहे. आणि म्हणूनच उजव्या-डाव्या दोघांना ते आपलं वाटतं.

तुम्हाला काय वाटतं?

खवचट_काका

रुमाल टाकून ठेवतो, सविस्तर नंतर. तूर्तास एवढंच की आपल्याकडे हे कुणाला कळायची गरजच पडली नाही. लॅमिंग्टन रोडला पन्नास-शंभर रुपयांत विंडोज, ऑफिस, फोटोशॉप आणि वर दोन गेम अशी सीडी मिळायची. असेंबल करून देणारा पोरगा ते फुकटच टाकून द्यायचा. अमेरिकेत लिनक्स निदान स्वस्त तरी होतं. इथे ते विंडोजपेक्षा महाग पडायचं, कारण मॉडेम चालेना आणि बसवणारा मिळेना. कसलं स्वातंत्र्य घेऊन बसलात.

कळफलक

काका, उलट मुद्दा माझ्याच बाजूचा आहे की. पैशाचा मुद्दा सीडीवाल्याने निकालात काढल्यावर सांगण्यासारखा फक्त स्वातंत्र्याचाच मुद्दा उरला होता. तो कुणी सांगितला नाही. आपल्याकडच्या इन्स्टॉल फेस्टमध्ये (लिनक्स बसवून द्यायचे मेळावे) सुद्धा 'व्हायरस येत नाही' आणि 'फुकट आहे' हेच दोन ढोल वाजायचे.

जुना_डीटीपीवाला

मी तत्त्वज्ञानातला माणूस नाही, पण 'यंत्र कुणाचं ऐकणार' यावर लिहिल्याशिवाय राहवत नाही.

आमचा छापखान्याला जोडून डीटीपीचा, म्हणजे संगणकावर पानं लावायचा धंदा. दिवाळी अंक, लग्नपत्रिका, संस्थांचे अहवाल, दोन-तीन प्रकाशकांची पुस्तकं. सगळं पेजमेकरमध्ये आणि मराठीसाठी एका कंपनीचं फॉन्टचं पॅकेज (नाव घेत नाही). पॅकेज घेताना बिल फाडून घेतलं होतं, चोरीचं नव्हतं. त्याबरोबर एक लॉक मिळायचं, बोटभर लांबीचं, संगणकाच्या मागे प्रिंटरच्या पोर्टला लावायचं. ते लावलेलं असेल तरच मराठी टाइप होणार. साफसफाईत कुणाचा धक्का लागून ते ढिलं झालं की ऑपरेटर बोंब मारायचा, "साहेब, मराठी गेली!"

युनिकोड (प्रत्येक अक्षराला जगभर एकच क्रमांक) नव्हतंच त्यात. इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठीचे तुकडे बसवलेले. काना वेगळा, अर्धा म वेगळा, रफार वेगळा. तो फॉन्ट असला तर मराठी दिसणार, नसला तर पौंडाचं चिन्ह, उलटं प्रश्नचिन्ह, डोक्यावर दोन टिंबं असलेला यू अशी रांगोळी. आणि प्रत्येक कंपनीची रांगोळी निराळी.

नवीन संगणक घेतले तेव्हा त्यांना ते पोर्टच नव्हतं. यूएसबीचं लॉक हवं तर नवीन आवृत्ती घ्या म्हणाले. नवीन आवृत्तीत जुन्या फाइली थोड्या हलल्या. थोड्या म्हणजे 'क्ष' जायचा, 'ऱ्या' फुटायचा. साडेतीनशे पानांच्या पुस्तकात तो शोधत बसा. एका लेखकाची पुस्तकं आमच्याकडेच लागलेली. ते वारल्यावर मुलाला ईबुक काढायचं होतं. मजकूर आमच्या डिस्कवर, हक्क त्यांचे, मेहनत आमची, पण उघडायची किल्ली तिसऱ्याच माणसाच्या खिशात. शेवटी छापील पुस्तक समोर ठेवून पुन्हा टाइप करून घेतलं. कन्व्हर्टरने ऐंशी टक्के काम होतं, उरलेल्या वीस टक्क्यांतल्या चुका शोधण्यापेक्षा नव्याने टाइप केलेलं परवडलं.

आता युनिकोडवर काम करतो. 'एक टाइप' नावाच्या फॉन्टवाल्यांचा मुक्ता फॉन्ट आहे, लोहित आहे. दोन्हींचा परवाना खुला. गिऱ्हाइकाला फाइल देताना फॉन्ट सोबत देता येतो, कुणाची परवानगी लागत नाही. डावं की उजवं ते तुम्ही ठरवा.

पाटावरवंटा

डीटीपीकाका, दंडवत घ्या. तुम्ही जे लिहिलंत तेच एका खासदाराने पेरूच्या संसदेत मांडलं होतं, फक्त लेखकाच्या जागी सरकार ठेवून.

२००१-०२ ची गोष्ट. सरकारी कचेऱ्यांनी मुक्त सॉफ्टवेअरच वापरावं असं विधेयक पेरूमध्ये मांडलं गेलं. मायक्रोसॉफ्टच्या तिथल्या प्रमुखाने हे भेदभाव करणारं, घटनाविरोधी वगैरे असल्याचं पत्र खासदार एडगर व्हिलान्यूव्हांना पाठवलं. एप्रिल २००२ मध्ये त्यांनी दिलेलं उत्तर जरूर शोधून वाचा. त्या पत्रातला प्रत्येक मुद्दा घेऊन इतक्या सभ्यपणे सालटी काढलीत की बस. मी नोकरीत टेंडरची कागदपत्रं तपासते, मला तर ते मराठीत भाषांतर करून कचेरीत लावावंसं वाटलं होतं.

त्यांचं म्हणणं तीन गोष्टींवर उभं होतं. सरकारी माहिती नागरिकाला मिळायची तर ती अमुक एकाच कंपनीचा प्रोग्राम विकत घेणाऱ्यालाच वाचता येता कामा नये. सरकारी नोंदी टिकायच्या तर त्यांचं टिकणं विक्रेत्याच्या मर्जीवर किंवा मक्तेदारीवर अवलंबून ठेवून चालणार नाही. आणि देशाची सुरक्षा सांभाळायची तर परदेशातून दुसऱ्याच्या हाती नियंत्रण जाईल अशा यंत्रणा नकोत, आतला कोड तपासता यायला हवा. पुढचं मला फार आवडतं. विधेयक कुणालाही मालकीचं सॉफ्टवेअर बनवायला किंवा विकायला बंदी करत नाही. सरकार हे एक गिऱ्हाईक आहे आणि आपण काय विकत घेणार एवढंच ते सांगतंय.

यात फुकट हा मुद्दा कुठेच नाही. सातबारा, जन्मदाखला, जमिनीचे नकाशे यांच्या जागी ठेवून बघा.

आपल्या केंद्र सरकारचंही २०१५ चं धोरण आहे बरं का. खुल्या सॉफ्टवेअरला प्राधान्य द्या, बंद घेतलं तर कारण लिहा असं खात्यांना सांगितलंय. कारण लिहिण्यात आपली खाती किती तरबेज आहेत ते मी रोज बघते.

खवचट_काका

पेरूची अर्धी गोष्ट सांगितलीत वहिनी, उरलेली मी सांगतो. अमेरिकेच्या राजदूताने त्या विधेयकाविरुद्ध पेरूच्या संसदेला पत्र लिहिलं. जुलैमध्ये राष्ट्राध्यक्ष टोलेडो गेट्सला भेटायला गेले आणि शाळांसाठी देणगी घेऊन आले. २००५ मध्ये अखेर कायदा झाला तो 'सरकारने तटस्थ राहून निवड करावी' असा. झालं कल्याण.

आणि जर्मनीतलं म्युनिक? २००३ मध्ये बामर सुटी टाकून महापौराला भेटायला धावला तरी त्यांनी ऐकलं नाही. पंधरा हजारांच्या आसपास संगणक लिनक्सवर नेले, २०१३ मध्ये पूर्ण झालं म्हणून पेढे वाटले. २०१७ मध्ये नगरपालिकेने परत विंडोजचा ठराव केला. मधल्या काळात महापौर बदलला होता. तुमचं घटनात्मक स्वातंत्र्य पुढच्या निवडणुकीपर्यंतच टिकतं.

पाटावरवंटा

वहिनी नका म्हणू, काका, मी तुमच्या कुठल्याच भावाची बायको नाही. :)

म्युनिकबद्दल मान्य. पण निवडणुकीत उलटलं म्हणजेच ते राजकारण होतं, हेच तर धाग्याचं म्हणणं आहे. त्याच जर्मनीत श्लेस्विग-होल्स्टाइन राज्याने २०२४ मध्ये तीस हजार संगणक मायक्रोसॉफ्ट ऑफिसऐवजी लिबरऑफिसवर न्यायचं ठरवलंय. या वेळी कारण म्हणून पैशापेक्षा डिजिटल सार्वभौमत्व सांगितलंय. व्हिलान्यूव्हा वीस वर्षं लवकर जन्मले.

कोचीकर_कोल्हापुरी

नोकरीनिमित्त केरळात आहे, मुलगी इथल्याच शाळेत. तिच्या आयटीच्या पुस्तकात गिंप, इंकस्केप, जिओजिब्रा अशी मुक्त सॉफ्टवेअरं. शाळेतली प्रयोगशाळा पूर्ण लिनक्सवर, दहावीची आयटीची परीक्षासुद्धा त्यावरच. तिला 'लिनक्स वापरते' असं काही वाटतच नाही, तिच्या लेखी संगणक म्हणजे हेच.

हे आपोआप झालेलं नाही. स्टॉलमन २००१ मध्ये तिरुवनंतपुरमला आला होता, भारतातल्या फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनचं उद्घाटन तिथेच झालं. त्याच सुमाराला सरकारचा आयटी ॲट स्कूल प्रकल्प सुरू झाला, आणि सुरुवातीचा अभ्यासक्रम मायक्रोसॉफ्टच्या वस्तूंवर बेतलेला होता. शिक्षकांच्या संघटनेने त्याविरुद्ध आवाज उठवला. सरकारी शाळेत मुलांना एका कंपनीचं गिऱ्हाईक का बनवायचं, असा त्यांचा सवाल. संघटना डावी होती, ते लपवण्यासारखं काही नाही. पण नंतर सरकारं आलटून पालटून आली, काँग्रेसवाल्यांनीही ते उलटवलं नाही. म्युनिकमध्ये ज्यांनी वापरायचं त्यांच्यावर ते वरून आलं होतं, इथे मास्तर लोकांनी स्वतः मागून घेतलं आणि एकमेकांना शिकवलं.

आपल्याकडे त्याच काळात घराघरात एमएस-सीआयटी पोचलं, सरकारी नोकरीला ते लागायचं. शिकवलं काय, तर विंडोज आणि ऑफिस. एवढी मोठी यंत्रणा गावोगावी उभी होती! केरळात शिक्षकांनी विचारलेला प्रश्न आपल्या पुरोगामी महाराष्ट्रात एकाही संघटनेला सुचला नाही याचं मला राहून राहून आश्चर्य वाटतं.

खवचट_काका

केरळने तीन हजार कोटी वाचवल्याची बातमी २०१९ मध्ये वाचली होती. दोन लाख संगणक गुणिले प्रत्येकी दीड लाखाचे परवाने. अहो, छापील किमतीने शाळेला कोण विकतं? कंपन्या शाळांना जवळजवळ फुकट देतात, पोरं सवयीची व्हावीत म्हणून. हा हिशेब म्हणजे मी मर्सिडीज न घेऊन साठ लाख वाचवले.

कोचीकर_कोल्हापुरी

हिशेबाबद्दल सहमत. :) 'सवयीची व्हावीत म्हणून' हे मात्र तुम्हीच लिहिलंत, मी नाही.

घाटमाथा

वाचतोय. एक भर घालतो, कारण भारतात हे भांडण खरोखर संसदेपर्यंत गेलं होतं आणि कुणाच्या लक्षात नाही.

आपल्या पेटंट कायद्याच्या कलम ३ (के) नुसार निव्वळ संगणक प्रोग्रामला पेटंट मिळत नाही. डिसेंबर २००४ मध्ये सरकारने वटहुकूम काढला, त्यात हे कलम सैल केलं होतं. उद्योगातला तांत्रिक वापर किंवा हार्डवेअरशी जोड दाखवली की पेटंटचा रस्ता मोकळा. मार्च २००५ मध्ये वटहुकमाच्या जागी कायदा आला तेव्हा ती दुरुस्ती गळली होती. यूपीए सरकार डाव्यांच्या पाठिंब्यावर उभं होतं आणि डाव्यांनी, मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांनी ते लावून धरलं. चर्चा सगळी औषधांच्या किमतींवर झाली, हे बिचारं कोपऱ्यात.

ते झालं नसतं तर इथे चार पोरांनी लिहिलेल्या ॲपला अमेरिकेतल्यासारख्या नोटिसा आल्या असत्या. स्टार्टअपवाले उठता-बसता डाव्यांना शिव्या घालतात, म्हणून मुद्दाम लिहिलं.

शून्य_एक

सगळे सरकार, घटना, पेटंट बोलताय. कोड लिहिणाऱ्याबद्दल कुणीच नाही?

मी वय वर्षं सव्वीस, दिवसा नोकरी, रात्री एका छोट्या लायब्ररीचा (इतर प्रोग्राम वापरतात तो तयार कोड) मेंटेनर, म्हणजे सांभाळणारा. लष्कराच्या भाकऱ्या म्हणा हवं तर. माझ्या लायब्ररीवर कोण कोण उभं आहे ते मला कळतं ते फक्त काही मोडल्यावर. इश्यू उघडून तावातावाने लिहितात, 'आमचं प्रॉडक्शन बंद आहे, कधी दुरुस्त करणार?' कंपनीच्या मेल आयडीवरून!

हे मोठ्या प्रमाणावर काय होतं ते २०१४ च्या हार्टब्लीड या सुरक्षेतल्या भगदाडात दिसलं. जगातल्या निम्म्याअधिक वेबसाइटींची कुलपं ज्या ओपनएसएसएलवर, त्याला वर्षाला देणग्या यायच्या साधारण दोन हजार डॉलरच्या. आणि मार्च २०२४ चं एक्सझेड, फाइली आवळून लहान करणारं साधन. मूळ मेंटेनर एकटा, थकलेला, मानसिक आरोग्याची तक्रार त्याने प्रोजेक्टच्या इमेल यादीवर उघड लिहिलेली. 'जिया तान' नावाने कुणीतरी दोनेक वर्षं पॅच (कोडमधल्या सुधारणा) पाठवून विश्वास कमावला, इतर खात्यांवरून मेंटेनरवर दबाव आला, आणि शेवटी मागचं दार बसवलं. सापडलं कसं? आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या, पोस्टग्रेस या डेटाबेसवर काम करणाऱ्या माणसाला एसएसएचचं (दूरच्या संगणकात शिरायची सोय) लॉगिन अर्धा सेकंद हळू वाटलं म्हणून. तो नोकरीला मायक्रोसॉफ्टमध्ये, हा आणखी एक विनोद.

चार स्वातंत्र्यांत 'ज्याने लिहिलं त्याने काय खावं' याचं कलम नाही. जाहीरनाम्यातला तो सॉफ्टवेअर कर धागाकर्त्याने गमतीत घेतला, मला तोच सगळ्यात शहाणपणाचा वाटतो.

आणि आयत्या बिळावरचे नागोबा वेगळेच. डेटाबेस आम्ही लिहायचा, क्लाउडवाल्याने तो भाड्याने द्यायचा. वैतागून मोंगोडीबीने २०१८, इलास्टिकने २०२१, रेडिसने २०२४ मध्ये आपले खुले परवाने बदलले. लगेच लोकांनी शिव्या दिल्या, तुम्ही विश्वासघात केलात म्हणून.

कळफलक

@शून्य_एक, रोखठोक. कराबद्दल तुझं बरोबर आहे, मी तो थट्टेवारी नेला.

नागोबांच्या गोष्टीचा पुढचा भाग मात्र सांगायला हवा. इलास्टिक २०२४ मध्ये आणि रेडिस २०२५ मध्ये पुन्हा खुल्या परवान्यावर आले, आणि निवडला कुठला? एजीपीएल. म्हणजे २००७ चा स्टॉलमनच्या गोटातला सर्वांत कडक परवाना, जो म्हणतो की नेटवर्कवरून सेवा देत असलात तरी बदललेला सोर्स द्या. गूगलच्या आत त्याला बंदीच आहे. ज्या राजकारणाला १९९८ मध्ये 'धंद्याला अडचण' म्हणून बाहेर ठेवलं, त्याच्याच दारात धंदेवाले आलेत.

डेबियनवाला

चर्चेत माझ्या लाडक्या पंथाचा उल्लेख नाही हे पाहून राहवलं नाही. स्टॉलमन काय म्हणाला, रेमंड काय म्हणाला, सोडा. हे आदर्श रोजच्या व्यवहारात आणले ते डेबियनने, स्वयंसेवकांनी चालवलेल्या लिनक्सच्या एका आवृत्तीने. १९९७ चा सामाजिक करार, लिखित घटना, दरवर्षी नेत्याची निवडणूक, मतपत्रिकेवर पसंतीक्रम, आणि प्रत्येक मतपत्रिकेवर 'वरीलपैकी कुणी नको'. ओपन सोर्सची जी व्याख्या आज जग वापरतं ती डेबियनच्या नियमावलीवरूनच उचललेली.

मतदानाला काहीही येतं. २०१९ मध्ये एपस्टीन प्रकरणाबद्दल लिहिलेल्या इमेलींवरून स्टॉलमनला फाउंडेशन सोडावं लागलं, २०२१ मध्ये तो मंडळावर परत आला, तेव्हा निषेध करायचा की पाठिंबा द्यायचा यावर आम्ही मतदान केलं. मतपत्रिकेवर सात पर्याय आणि वर 'आणखी चर्चा करू'. जिंकला कुठला? 'डेबियन या विषयावर जाहीर निवेदन काढणार नाही.' हसू नका. यादीवर हजारो शब्द सांडले होते, आणि दुसऱ्या दिवशी सगळे पुन्हा आपापल्या पॅकेजवर कामाला लागले.

तिरफळ

मडगावहून नमस्कार. उशिरा आले, पण शून्य क्रमांकाच्या स्वातंत्र्यावर कुणी बोट ठेवलं नाही म्हणून लिहिते.

'कुठल्याही कामासाठी' म्हणजे खरंच कुठल्याही? सप्टेंबर २०१९ मध्ये कळलं की शेफ या कंपनीचं कंत्राट अमेरिकेच्या आइस या खात्याशी आहे, स्थलांतरितांना पकडून कोंडणारं तेच. सेथ व्हार्गो या त्यांच्या माजी कर्मचाऱ्याने आपला कोड रातोरात काढून घेतला, कंपनीची यंत्रणा अडखळली, आणि थोड्याच दिवसांत कंत्राटाचं नूतनीकरण करणार नाही असं कंपनीने जाहीर केलं. म्हणजे लिहिणाऱ्याच्या हातात जोर आहे. पण परवान्यात तसं लिहायला गेलात की ओपन सोर्सची व्याख्या आडवी. पाचवं कलम: कुठल्याही व्यक्तीशी, गटाशी भेदभाव नको. सहावं: कुठल्याही क्षेत्रातल्या वापराला बंदी नको. त्याच साली हिप्पोक्रॅटिक परवाना आला, मानवाधिकार मोडणाऱ्यांना वापर नाही असं म्हणणारा. तो 'ओपन सोर्स नाही' म्हणून बाहेर.

धागाकर्ते याला घटना म्हणतात. मूलभूत हक्कांनाही आपल्या घटनेत वाजवी निर्बंध आहेतच ना?

डेबियनवाला

'वाजवी' कोण ठरवणार, ताई? डग्लस क्रॉकफर्डने आपल्या परवान्यात एक ओळ घातली होती: हे सॉफ्टवेअर चांगल्यासाठी वापरावं, वाईटासाठी नव्हे. आम्ही तेवढ्यावरून तो कोड मुक्त नाही म्हणून बाजूला काढला. आयबीएमच्या वकिलांनी तर, आमची गिऱ्हाइकं काय करतील सांगता येत नाही, तेव्हा वेगळी परवानगी द्या म्हणून गळ घातली. क्रॉकफर्डने लिहून दिलं की आयबीएम, त्यांची गिऱ्हाइकं, भागीदार आणि चेलेचपाटे यांना वाईटासाठी वापरायची परवानगी आहे.

कळफलक

किस्सा झकास, पण तिरफळताईंच्या प्रश्नाला ते उत्तर नाही. मला पटणारं उत्तर ब्रूस पेरेन्सने दिलंय. ओपन सोर्सच्या व्याख्येचा मसुदा त्याचाच, म्हणून त्याच्या शब्दाला वजन. बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाने सर्किट डिझाइनच्या एका प्रोग्रामच्या परवान्यात अट घातली होती, दक्षिण आफ्रिकेच्या पोलिसांनी हा वापरायचा नाही. वर्णभेदाच्या काळात याहून योग्य अट कुठली? पण वर्णभेदी राजवट गेली, १९९४ मध्ये मंडेला राष्ट्राध्यक्ष झाले, आणि अट तशीच. ज्यांनी तो कोड घेऊन पुढे काही बनवलं, त्यांनाही ती पुढे वाहून न्यावी लागली. म्हणजे मंडेलांच्या पोलिसांना बंदी!

सरकार बदलतं, परवाना बदलत नाही. हजार लोकांच्या पॅचवर उभा असलेला परवाना बदलायचा तर हजार सह्या लागतात. म्हणून मी शून्य बिनशर्तच ठेवेन. शेफच्या बाबतीत काम झालं ते परवान्याने झालंच नव्हतं. एका माणसाने काम थांबवलं, बाकीच्यांनी आवाज उठवला.

तिरफळ

उदाहरण जबरदस्त आहे, पण त्यातून मला उलटंच दिसतं. अट चूक नव्हती, तिला मुदत घातली नाही ही चूक. हॅशिकॉर्प या कंपनीने २०२३ मध्ये जो बिझनेस सोर्स परवाना घेतला त्यात मुदत आहेच. ठरावीक काळानंतर, जास्तीत जास्त चार वर्षांनी, तो कोड आपोआप खुला होतो. धंद्याच्या फायद्यासाठी असं घड्याळ लावता येतं, तर कुणाला कोंडून घालू नये यासाठी का नाही? दर चार वर्षांनी नव्या आवृत्तीबरोबर अट हवी की नको ते लिहिणाऱ्यांनी ठरवावं. तुमच्या डेबियनसारखं मतदान करून.

डेबियनवाला

घड्याळ लावलंत तरी पाचवं-सहावं कलम चार वर्षं मोडलेलंच राहणार. आमच्या मुख्य विभागात ते येणार नाही. फार तर नॉन-फ्रीमध्ये, म्हणजे मुक्त नसलेल्यांच्या वेगळ्या विभागात.

तिरफळ

मग नॉन-फ्रीमध्ये ठेवा. २०२२ मध्ये मतदान करून नॉन-फ्री फर्मवेअर (हार्डवेअर चालवणारा बंद कोड) तुमच्या इन्स्टॉलरमध्ये घेतलंतच ना, वायफाय चालेना म्हणून?

खवचट_काका

हा प्रतिसाद फ्रेम करून डेबियनवाल्याच्या घरी पाठवा, पोस्टेज मी भरतो.